दह्याच्या भांड्यामागे

"आणि हे काय?"

केळकरबाईंनी फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे हात घातला आणि कोल्ड्रिंकची बाटली बाहेर काढली. नारिंगी, अर्धी संपलेली.

अच्युतराव साठे खाली बघत राहिले. कारखान्यात हा फोरमन नुसता खाकरला तरी मशीन शॉप गप्प व्हायचं. इथे पिपलानी टाउनशिपमधल्या स्वतःच्याच क्वार्टरमध्ये ते गृहपाठ विसरलेल्या मुलासारखे उभे होते.

"दुपारी फार ऊन होतं," ते पुटपुटले.

"उन्हाला माठ आहे." बाईंनी बाटली बेसिनमध्ये उपडी केली आणि वरून नळ सोडला. "लेकीला काय सांगू मी?"

"सांगू नका."

"आज नाही सांगत. पण उद्या परत बघणार आहे."

मग त्या बसल्या. अच्युतरावांनी बिनसाखरेचा चहा केला. बाईंनी शाळेतल्या नव्या हेडमास्तरांची मनसोक्त उणीदुणी काढली, निघताना वह्यांची कापडी पिशवी खांद्याला लावली आणि समोरच्या क्वार्टरमध्ये गेल्या. तिथे त्या एकट्याच राहायच्या. त्यांच्याकडे एका खोलीतला दिवा लागायचा, बाकीच्या खोल्या अंधारात असायच्या.

ही तपासणी सुचेतानं लावून दिलेली. आई गेल्यावर बाबा जेवणाबरोबर, आणि पुष्कळदा जेवणाऐवजी, कोल्ड्रिंक पिऊ लागले. रक्तातली साखर वाढली. पुण्याहून फोनवर ती रागावली, रडली, आणि शेवटी तिनं आपल्या जुन्या गणिताच्या बाईंनाच गळ घातली. "बाई, रोज एकदा बाबांचा फ्रिज बघाल का?" बाईंनी काम अंगावर घेतलं. त्यांनी अंगावर घेतलेलं काम म्हणजे काय, हे टाउनशिपमधल्या दोन पिढ्यांना ठाऊक होतं.

फक्त एक गोष्ट बाईंना माहीत नव्हती. अच्युतरावांनी कोल्ड्रिंक कधीच सोडलं होतं.

झालं असं, की सुरुवातीलाच एका संध्याकाळी फ्रिज स्वच्छ सापडला. बाईंनी आत डोकावलं, "छान" म्हणाल्या आणि उभ्या उभ्या निघून गेल्या. चहा नाही, हेडमास्तर नाहीत. ती संध्याकाळ अच्युतरावांना खायला उठली. रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. बायको गेल्यापासून इतकं एकटं त्यांना वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते मार्केटमध्ये गेले.

"ठंडी दूँ साहब, कि क्रेट से?" दुकानदारानं विचारलं.

"क्रेट से. घर पे फ्रिज है."

घरी येऊन त्यांनी अर्धी बाटली बेसिनमध्ये ओतली आणि उरलेली दह्याच्या भांड्यामागे ठेवली, जरा शोधल्यावर सापडेल अशी. संध्याकाळी बाई व्यवस्थित रागावल्या आणि व्यवस्थित बसल्याही. मग हा रोजचाच शिरस्ता झाला. लबाडी होतीच ती. पण तिच्यामुळे दिवसाला एक टोक आलं होतं.

"मुंग्या फार झाल्यात हो तुमच्या बेसिनशी," बाई एकदा म्हणाल्या. अच्युतरावांनी विषय बदलला.

मे महिन्यात रक्त तपासलं. दवाखान्यातले डॉक्टर खूश झाले. "साठेजी, कमाल कर दिया आपने. शुगर एकदम कंट्रोल में है."

दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. अच्युतराव पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले, आणि सुचेताच्या फोननं उरलीसुरली कसर भरून काढली.

"बाबा, डॉक्टरांना फोन केला होता, मी आता निश्चिंत झाले. बाईंनाही लगेच कळवलं. म्हटलं, आता रोज बघायची गरज नाही. खूप त्रास दिला त्यांना."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. नुसतं 'बरं' म्हणाल्या."

अच्युतरावांनी फोन ठेवला. बाईंचा जन्म पोरांच्या थापा पकडण्यात गेला होता. रोज बाटली सापडते आणि साखर मात्र उतरते, हे गणित त्यांना न सुटायला काय झालं? एवढा मोठा बाप्या, आणि चहाला सोबत मिळावी म्हणून बाटल्या लपवतो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीनं पाय मार्केटकडे वळले. दुकानदारानं क्रेटमध्ये हात घातला.

"आज नहीं," अच्युतराव म्हणाले आणि रिकाम्या हातानं घरी आले.

संध्याकाळी सुट्टीचा भोंगा झाला. घरी येऊन त्यांनी फ्रिज उघडून बघितला. दूध, दही, कालची भाजी. दार लावून ते बसून राहिले. आता रिटायर होईपर्यंत आणि त्यानंतरही संध्याकाळ अशीच येणार, हे त्यांना लख्ख दिसलं आणि भीती वाटली.

कडी वाजली. दारात केळकरबाई, खांद्याला पिशवी.

"सुचेताचा फोन आला होता," त्या म्हणाल्या.

"हो."

"अभिनंदन."

अच्युतरावांना वर बघवेना. बाई आत आल्या, पण फ्रिजकडे गेल्या नाहीत.

"आज आधी चहा टाका. मग बघते."

"आता बघायचं काय राहिलंय, बाई?"

"टाका हो तुम्ही."

ते स्वयंपाकघरात गेले. दोन कप पाणी मोजून ठेवलं. हा शेवटचाच चहा, मग निदान नीट व्हावा म्हणून आलंही किसलं. बाहेर फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"आणि हे काय?"

अच्युतराव हातातल्या सांडशीसकट बाहेर आले. बाईंनी दह्याच्या भांड्यामागून बाटली काढली होती. नारिंगी, काठोकाठ भरलेली.

"सवय जात नाही ना तुमची?" बाईंचा चेहरा परीक्षेच्या दिवशी असायचा तसाच कडक होता. "म्हणजे उद्याही यावं लागणार मला. धरा."

अच्युतरावांनी बाटली हातात घेतली. ती चांगली गरम होती.