शेवटच्या दृश्यातली चाल

"आता मला सांगा," भाचा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "नायिका वरच्या खोलीत कोंडलेली. खाली दाराशी पहारेकरी. आणि शेवटच्या दृश्यात ही बया त्याच्या नाकासमोरून चालत निघून जाते! तो काय डोळे गहाण ठेवून बसला होता?"

माडीवर काठी आपटली. त्यानं कपाळाला आठ्या घालून चित्रण थांबवलं.

सिनेमातल्या चुका शोधून दाखवणं हा त्याचा धंदा. बघणारे त्याला लाडानं 'चूकमास्तर' म्हणत. एका दृश्यात भरलेला पेला पुढच्यात रिकामा का, भिंतीवरचं घड्याळ मागं का गेलं, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटायचं नाही. पण या सिनेमानं त्याला दाद दिली नव्हती. त्यातली नायिका त्याची सख्खी मावशी होती, आणि मावशी काही बोलायला तयार नव्हती.

तो वर गेला. बाहेरची कडी काढली.

"काय गं मावशी?"

"खिडकी उघडून दे. वारा तरी येऊ दे आत, माणसं येत नाहीत तर."

"परत हाका मारशील रस्त्यावरच्या लोकांना."

"मारीन की. तोंड आहे देवानं दिलेलं."

त्याला हसू आलं. म्हातारीची जीभ अजून धारदार होती. गेल्या हिवाळ्यात ती एकटीच स्टेशनवर जाऊन बसली होती, तेव्हापासून ही कडी. तिच्याच भल्यासाठी, असं तो सगळ्यांना सांगे, आणि सांगून सांगून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं. उद्या सकाळी म्हाताऱ्यांच्या संस्थेची गाडी येणार होती. उंच कुंपणाची, डोंगरापलीकडची संस्था. मग हे घर त्याचं.

"मला तिथं नको धाडूस," मावशी एकदम मऊ होऊन म्हणाली. "माझी पेटी बांधून दे. मी माझी जाईन कुठंतरी. तुझ्या दारात पुन्हा सावली पडायची नाही माझी."

"सगळं ठरलंय आता," तो म्हणाला आणि कडी लावून खाली आला.

दारावरची घंटा वाजली. बाहेर एक म्हातारी उभी होती. राखाडी कोट, डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेला रुमाल, जाड चष्मा.

"मी कपडेपटात होते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ताईंचे कपडे मीच करायचे. उद्या जाणार म्हणे त्या. एकदा भेटू द्याल?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की! परवा जगजाहीर केलंत ना, मावशीचा निरोपाचा खास भाग म्हणून."

तो ओशाळला आणि बाजूला झाला. म्हातारी कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागली. एक पाय जरा मागे रेंगाळत होता. गुडघे कुरकुरत असणार, त्याच्या मनात आलं.

"बाई, तुम्हाला ठाऊक असेल," त्यानं मागून विचारलं. "शेवटच्या दृश्यात मावशीची चाल वेगळी का दिसते? नुसती पाठ दिसते, पण चाल तिची वाटतच नाही."

म्हातारी थांबली. वळली नाही. "पायताण चावत असेल हो. आम्हाला कुठं धड मापाचं मिळायचं!"

"तरीच!" तो खूश झाला.

त्यानं तिला आत सोडलं. कडी न लावता तो जिन्याखालीच खुर्ची टाकून बसला. तो काही दुधखुळा नव्हता. आतून आधी हसू आलं, मग कुजबुज, मग कुणाचा तरी दाटलेला हुंदका. म्हाताऱ्या बायकांचं रडणं-भेकणं. त्यानं कानाला हेडफोन लावले आणि ते शेवटचं दृश्य पुन्हा सुरू केलं. धुकं, फाटक, पाठमोरी बाई. पहारेकरी जांभई देतो. ती जाते. मूर्खपणा नुसता!

दिवेलागणीला जिना करकरला. राखाडी कोट खाली येत होता. कठड्यावर हात, एक पाय मागे रेंगाळलेला. तोंडावर रुमाल धरलेला.

"झाली का भेट?"

तिनं मान हलवली. खांदे गदगदत होते. रडणाऱ्या बाईच्या तोंडाकडं काय बघायचं, म्हणून त्यानं नजर वळवली आणि स्वतःच पुढं होऊन दार उघडलं.

"पायरी जपून हं, बाई."

"सुखी राहा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि फाटकातून हळूहळू बाहेर पडली.

तो वर गेला. मावशी खिडकीकडं तोंड करून शाल पांघरून बसली होती. त्या सिनेमातलं गाणं गुणगुणत होती, 'कडी बाई कडी, तुझी कुणाशी गं जोडी'. सूर आज जरा खाली लागला होता. रडून घसा बसला असेल. त्यानं कडी घातली आणि दूध तापवायला खाली उतरला.

पेला घेऊन परत आला तेव्हा खोलीत अंधार झाला होता.

"मावशी, दूध घे. आणि ऐक, तुझ्या चालीचं कोडं सुटलं एकदाचं. पायताण चावत होतं ना?"

गुणगुणणं थांबलं.

"नाही रे बाळा," शालीतून घोगरा आवाज आला. "ती चाल माझी होती. ताईला त्या दिवशी ताप होता, म्हणून तिच्या जागी मी बाहेर पडले होते."