झिजलेली जागा

हे गेल्यावर मी ह्यांची गिटार काढली आणि पुस्तकावरून शिकायला बसले. धरली कशी? इतकी वर्षं ह्यांच्यासमोर बसून पाहिली होती तशीच. पुस्तकातही तसंच लिहिलं होतं, दांडी डाव्या हातात. एका कडेचं पॉलिश झिजलेलं, ती जागा मांडीला खरखरीत लागायची. बोटं सोलवटली, पण पहिला धडाही सुरात येईना. मुलगी म्हणाली, “आई, आता या वयात कशाला जिवाला त्रास?” मी हट्टाने गिटार दुरुस्तीला नेली. दुकानदार एकदा तारा छेडून म्हणाला, “बिघाड काही नाही. तारा उलट्या लावल्यात, डावऱ्या माणसासाठी. पुस्तकाप्रमाणे सुलट करून देऊ?” हे डावरे, मला ठाऊक होतंच, पण समोरून बघणाऱ्याला सगळं आरशासारखं उजवंच दिसतं. “राहू द्या,” म्हटलं. तिथल्याच स्टुलावर बसले, गिटार फिरवून मांडीवर घेतली. माझा डावा हात नेमका त्या झिजलेल्या जागेवर टेकला.