गोधडीतलं भोक

हजला निघण्याआधी मगदूम टेलर बाळापुरात घरोघर माफी मागत आमच्याकडं आले. "शिवण्यात कमीजास्त झालं असंल तर माफ करा, जनकाबाई. अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करतो, माणसाचा माणसानंच करावा लागतो." आईनं गोधडी आणून पसरली. "चाचा, तुमी कपड्यासंगं वापस दिलेल्या चिंध्यांचीच ही. माफी कशाची?" माझा निळा फ्रॉक, बाबांचा लग्नातला सदरा, सगळं तिथं होतं. चाचा हसत एकेक तुकडा ओळखत गेले. हिरव्या फुलांच्या तुकड्यावर हात थांबला. "हा तुमचा न्हाई. करुणाबाईच्या झंपराचा हाय." आई नको म्हणत राहिली, टाके उसवून चाचा तो तुकडा घेऊन उन्हात करुणाबाईकडं निघाले. चाचा आता नाहीत. भोकाला ठिगळ लावू का, विचारलं की आई म्हणते, "राहू दे. वर चाचासाठी साक्ष द्यावी लागली, तर दाखवता येईल."