कलती मान

पोस्टमास्तर खुर्चीत बसले आणि अंगावर कापड पडायच्या आधीच त्यांनी मान उजवीकडे कलती केली. दादांनी कात्री उचलली.

"दादा, आज बाबांची मान सरळ ठेवून कापाल का?" बाकावरून पोस्टमास्तरांची मुलगी म्हणाली. परवा तिचं लग्न होतं. म्हणून तर ती स्वतः वडिलांना सलूनमध्ये घेऊन आली होती.

दादा हसले. म्हणाले, वाकडी धरा असं मी कधी सांगितलं? सलून माझं असलं तरी मान त्यांचीच आहे.

कोणीच हसलं नाही. एरवी दादांच्या फुसक्या विनोदालाही इथे दाद मिळायची. तिच्या शेजारी नंबर लावून बसलेल्या प्लंबरनं वर्तमानपत्र उघडलं आणि त्यात डोकं घातलं. ते कालचं होतं आणि मघाशीच त्याचं वाचून झालं होतं.

पोस्टमास्तर आरशातून मुलीला गप्प राहायला खुणावत होते. पण ती कसली ऐकते! बाबांबरोबर एक फोटो हवाय, म्हणाली. बाबा सरळ उभे आहेत असा. घरात तसा एकही नाही. आणि तिनं आरशाच्या वर बोट दाखवलं.

तिथे दुकानाला वीस वर्षं झाली तेव्हाचा फोटो होता. दारात दादा ताठ उभे, आणि दोन्ही बाजूंना सतरा गिऱ्हाइकं. सतराच्या सतरा माना उजवीकडे कललेल्या. हा फोटो दादा रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. फोटोग्राफरला काम येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याला तोंडावर ऐकवलंही होतं बिचाऱ्याला.

मग मुलीच्या तोंडून सगळं बाहेर आलं. खुर्ची डाव्या भिंतीपासून जेमतेम हातभर, जमिनीत पक्की ठोकलेली. त्या फटीत दादा कधी शिरलेच नव्हते. उजवीकडे उभं राहून, डोक्यावरून हात टाकून डावी बाजू कापायचे. हात पुरत नसे. मग गिऱ्हाइकानं मान दादांकडे कलती करायची की काम भागायचं. तसे कापलेले केस कलत्या मानेलाच शोभायचे. सरळ पाहिलं की डावा कल्ला खाली, उजवा वर. नव्या माणसाला ही युक्ती जुनी गिऱ्हाइकं बाहेरच सांगून ठेवायची.

दादांनी बोलायला तोंड उघडलं. खुर्ची बसवणाऱ्यानं चुकीच्या जागी ठोकली. भिंत घरमालकाची. आता पोट सुटलंय, पाठ धरते. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण समोर आरशात पोस्टमास्तरांची मान अजूनही तशीच कललेली होती, मुकाट वाट बघत. दादांनी ती कारणं मनातच ठेवली आणि विचारलं,

"एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," पोस्टमास्तर म्हणाले. "कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये मान सरळ राहते म्हणे. पण तिथे तुम्ही नाही ना."

दादा थोडा वेळ कात्री नुसतीच उघडत मिटत राहिले. मग त्यांनी दोन बोटं पोस्टमास्तरांच्या हनुवटीखाली धरली आणि मान हलकेच सरळ केली.

"तुम्ही असेच बसा. वाकायचं ते मी वाकतो."

पोट आत ओढून ते आडवे होत भिंतीकडच्या फटीत शिरले. पाठीला चुना लागला. गुडघे कुरकुरले. वाकता वाकता त्यांचा चेहरा पोस्टमास्तरांच्या डाव्या कानाशी आला आणि ते थबकले.

"तुमच्या कानामागे तीळ आहे."

"आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "हिच्या आईला ठाऊक होता."

मुलगी बाकावरून उठली. मला नव्हता ठाऊक, म्हणाली, आणि येऊन बघून गेली. जाताना तिनं डोळे पुसले, आणि प्लंबरनं पुन्हा वर्तमानपत्र वर केलं.

दादांनी तिला परत बोलावलं, खुर्चीमागे उभं केलं. कुठली बाजू खाली दिसते ते सांगायचं, भीडभाड न ठेवता. ती म्हणाली, डावी, तांदळाएवढी. त्यांनी कापली. ती म्हणाली, आता उजवी. ते फटीतून बाहेर आले, उजवी कापली, पुन्हा आत शिरले. असं चारदा झालं. एरवी वीस मिनिटांचं काम, त्याला तास लागला. दादांचा सदरा घामानं भिजला. तरी शेवटी डावा कल्ला किंचित खालीच राहिला. दादा म्हणाले, एवढा फरक आज माझ्या हातून जात नाही. उद्या सकाळी या, मी पुन्हा बघतो.

पोस्टमास्तर उठले. आरशात बघताना सवयीनं त्यांची मान पुन्हा कलली. मुलीनं गालाला तळवा लावून ती सरळ केली आणि हात तसाच ठेवून त्यांच्या शेजारी उभी राहिली.

ते दोघं गेल्यावर प्लंबर खुर्चीत येऊन बसला. मान त्यानं इतकी ताठ धरली होती की गळ्याची शीर दिसत होती. काही चुकलं तर सांगायचं, असं दादांनी त्याला बजावलं. मग पोट आत ओढून ते आधी फटीतच शिरले.