जर्दाळूची झोपमोड

२०७४ साली लडाखात बर्फ पडेनासा झाला होता. यांगझोमच्या लहानपणी हिवाळा आपसूक यायचा. आता तो येत नव्हता, आणि गारठ्यात झोप झाल्याशिवाय जर्दाळूला फुलं-फळं धरत नाहीत, म्हणून तिने आपलं एकुलतं झाड थंड यंत्राच्या तंबूत निजवलं होतं. होणाऱ्या नातवंडाला तिला याच्याच बियांच्या तेलाने माखायचं होतं.

चिपळूणहून आलेल्या गरोदर सुनेला, मृण्मयीला, झाडाची दया आली. तिने यंत्र बंद केलं. पंधरवड्यात झाड फुलून गेलं.

"आमा, बघा ना, किती गोड दिसतंय," ती सासूला म्हणाली.

"मधमाश्या यायला दोन महिने आहेत गं पोरी. आणि आता गारठा दिला, तर फुलं जळतील."

दोघी पाकळ्या गळताना बघत राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात यंत्र कायमचं बिघडलं; गारठ्यातल्या झोपेविना झाड पुन्हा फुललं नाही. नात खोबरेलावर वाढली. मृण्मयी सासूच्या रागाची वाट पाहत राहिली, आणि यांगझोम मरेपर्यंत रागावली नाही.