हुलियप्पा जेवला

मलिक बुऱ्हान ओसरीवर आला तो आधी हुलियप्पाच्या पायाकडे बघत उभा राहिला. डाव्या पायात चांदीचा तोडा होता. मग त्याने चेहऱ्याकडे पाहिले.

"आहेस अजून," तो म्हणाला.

"तुमच्या तिरंदाजांचा नेम बघता अजून बरीच वर्षं राहीन. बसा मलिकसाहेब. गुडघे काय म्हणतात?"

गुडघे वाईटच होते. हिरेगुड्ड गडाचा चढ मलिक तरुणपणी शिडी लावून चढला होता, आता सुलतानाचा वकील म्हणून चढत होता. दोन नद्यांमधला हा मुलूख कधी रायांचा असे, कधी सुलतानाचा. मालक बदलत, जोंधळा तोच पिके. मलिकाची आई याच मुलखातली, म्हणून त्याला इथली बोली घरची होती.

वेढ्यात उन्हाळा सरत आला होता. खाली छावणीत तापाची साथ होती आणि कृष्णेला पाणी येण्याआधी फौज पलीकडे न्यायला हवी होती. तह ठरल्यासारखाच होता. मल्लरस नायकाने दोन हत्ती द्यायचे, सुलतानाच्या फौजेने परत फिरायचे. पण नायक मेला अशी कुणकुण सुलतानाच्या सरदाराला लागली. नायकाला मुलगा नव्हता. तो नसेल तर तह करायचा कोणाशी, आणि कशाला? धन्याविना गड दोन दिवस टिकला नसता. सरदाराने शिड्या बांधून ठेवल्या होत्या. मलिकाने वर जायचे, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आणि येऊन सांगायचे. नायक असेल तर तह, नसेल तर हल्ला. गडावर शिपायांहून बायकापोरे जास्त होती.

मलिकाने नायकाला भेटायचे म्हटले. हुलियप्पाने समोरच्या दाराकडे बोट केले. चौकटीला कडुलिंबाचे डहाळे बांधले होते. नायकाला देवी आल्या होत्या.

"मला येऊन गेल्यात," मलिकाने गालावरचे वण दाखवले. "मला काही होत नाही."

"तुम्हाला होत नाही हो, तिला खपत नाही. परका माणूस उंबऱ्यात आला की कोपते. अव्वा मलासुद्धा आत घेत नाहीत."

तेवढ्यात नायकाची बायको नागव्वा दारात आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, केसात फुले, हातात आंबिलीचे भांडे. तिने मलिकाच्या घरच्यांची विचारपूस केली. नायकाचा ताप उतरला, आज अंग गार आहे, असे म्हणाली आणि भांडे घेऊन आत गेली. आत ती कोणाला तरी वारा घाल म्हणून दटावत होती.

मलिक लोडाला टेकला. त्या दारात डोकावायची गरजच नाही, असे आपण सरदाराला आधीच सांगितले आहे, असे तो म्हणाला. हुलियप्पा चालताबोलता दिसला म्हणजे झाले.

ते खरेच होते. हुलियप्पा वेळेवाळी होता. धन्याबरोबर जगेन, धन्याबरोबर मरेन, असे देवासमोर बोलून त्याने तो तोडा पायात घातला होता. त्याच्या बापाने आणि आजोबाने तसाच बोल दिला होता आणि पाळलाही होता. त्यांचे वीरगळ वेशीबाहेर उभे होते. या मुलखात त्याबद्दल कोणाला शंका नव्हती.

"नायकाला ठसका लागला तरी तुझ्या बायकोचा जीव खाली-वर होत असेल."

"ती म्हणते, लग्न तुमच्याशी लावलं आणि नाडी नायकाची बघत बसले."

दोघे हसले. मग पाने आली. भाकरी, हुलग्याचे सार, दही.

मागच्या तहाच्या वेळी दोघे याच ओसरीवर जेवायला बसले होते. धन्याआधी जेवायचे नाही म्हणून, नायक जेवल्याचा निरोप आतून येईपर्यंत हुलियप्पाने घास उचलला नव्हता. सार थंडगार झाले तरी नाही. तुझा धनी एकादशी करतो तेव्हा पाहुण्याने काय करायचे, असे मलिकाने तेव्हा चिडून विचारले होते.

आज हुलियप्पाने पान येताच भाकरी मोडली. तो चवीने जेवला. सार दोनदा मागून घेतले, तुमच्या छावणीत घोड्यांना यापेक्षा बरे हुलगे मिळत असतील म्हणाला, आणि पाहुणा खात का नाही ते विचारले.

मलिकाचा हात पानावर थोडा वेळ तसाच राहिला. मग तोही जेवू लागला. साराला मीठ कमी आहे, एवढेच बोलला.

हात धुतल्यावर त्याने सांगितले की धाकटा मुलगा या महिन्यात छावणीत तापाने गेला. बावीस वर्षांचा होता.

"कुठे ठेवलात?" हुलियप्पाने विचारले.

"ओढ्याकाठी, चिंचेखाली. उद्यापरवा आम्ही गेलो की तिथे कोण येणार."

हुलियप्पाने खाली ओढ्याच्या दिशेने पाहिले. "दिवा लागत जाईल," तो म्हणाला. "मी माणसांना सांगून ठेवतो."

मलिकाने मान हलवली. खाली असे अजून कितीतरी पोरगे अंथरुणावर आहेत, हल्ला झाला तर उरलेलेही भिंतीखाली पडतील, असे तो स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाला आणि उठला.

हुलियप्पा त्याला दरवाजापर्यंत सोडायला गेला. पहारेकरी ऐकत होते. मलिकाने त्यांच्यासमोर मोठ्याने सांगितले की नायक आहे, असे आपण सरदाराला कळवू. सकाळी डेरे उठतील. पहारेकऱ्यांतल्या एकाने तोंड फिरवून डोळे पुसले. हुलियप्पाने हात जोडले.

मलिक दोन पायऱ्या उतरला, गुडघा धरून थांबला आणि परत वर आला. त्याने हुलियप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड त्याच्या कानाशी नेले.

"फौजेला नदी उतरायला चार-पाच दिवस लागतील, अण्णा," तो म्हणाला. "तेवढे जग."