डावा घोटा

"सांगून आला असतात तर बाबांना नीट बसवलं असतं," थोरली लेक दार उघडत म्हणाली.

"सांगून येत नाही आम्ही. सहामाही तपासणी." यंत्रवाल्याने बॅग टेकवली. आजचं हे पाचवं घर.

म्हातारा निपचित पडून होता. दोन वर्षांत एक डावं पाऊल तेवढं हललेलं, म्हणून घोट्याला पट्टा आणि पट्ट्यात बटणाएवढा बिनतारी सेन्सर. पाऊल हललं की पडद्यावर अक्षर उमटतं.

स्वयंपाकघरातून म्हातारीने विचारलं, "काय म्हणतायत गं? जेवू का मी?"

"थांब जरा, आई."

त्याने सेन्सरच्या हालचालींच्या नोंदी उघडल्या.

११.०२. डावा घोटा: बावीस पावलं.

अकरा वाजून दोन मिनिटांनी त्यानेच बेल वाजवली होती.

त्याने पट्टा चाचपला. रिकामा. मग लेकीच्या पायांकडे पाहिलं. एवढ्या उकाड्यात मोजे.

तिने नजर चुकवली नाही. चुकवायलाही त्राण लागतं.

"आधी ते खरंच बोलायचे," ती हळू आवाजात म्हणाली. "मग थांबले. त्यांनी सांगितल्याशिवाय आई घास घेत नाही."

"पेशंट हलत नसेल तर यंत्र परत न्यावं लागतं, ताई."

"न्या. फक्त तिला तुम्ही सांगा."

तो उठला नाही.

"माझी आईही अशीच पडून आहे," तो म्हणाला. "हेच यंत्र. मी घरात पाऊल टाकलं की लिहिते, आधी जेव. म्हणून तर जेवतो."

"पट्टा कोण बांधतं?"

"बायको."

पाण्याचा पेला लेकीने त्याच्यापुढे सरकवला.

कागदावर त्याने लिहिलं: पेशंटची हालचाल ठीक. सही केली.

पडद्यावर एकेक अक्षर उमटलं. जे. व. आतून ताट घेतल्याचा आवाज आला.

संध्याकाळी स्वतःच्या दाराशी तो किल्ली हातात घेऊन थांबला. घरात बायको आणि आई, दोघीच. आईच्या नोंदी त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. घरचं कोण तपासतं? आज मोबाईलवर उघडल्या.

किल्ली खिशात टाकली. बेल दाबली.

डावा घोटा: एक पाऊल.

तीन.

सात.

अकरा.

आतून कडी सरकली.